सहावा मणी : प्रथिनांची रचना आणि सिकलसेल



दर्यापूरच्या उत्तरेला मेळघाटचे डोंगर आहेत. त्या डोंगरांपासून पूर्वेला गडचिरोलीपर्यंत विदर्भात एक आनुवंशिक व्याधी पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसली आहे. तिचे नाव सिकलसेल. मूल जन्मतः निरोगी दिसते. काही महिन्यांनी हातापायांना सूज येते, चेहरा फिकट पडतो, हाडे व सांधे असह्य दुखू लागतात. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील या व्याधीची नोंद केली. तिचे मूळ मात्र दृष्ट लागण्यात नाही वा पूर्वजन्मीच्या पापातही नाही. ते एका प्रथिनाच्या रचनेत आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ विशिष्ट पद्धतीने दुमडली, तरच ते प्रथिन आपले कार्य करते. माळेला कोणते पीळ शक्य आहेत, याचा आराखडा मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मांडला. आजही जगभरातील प्रयोगशाळा प्रथिनांची रचना त्या आराखड्यावर तपासून घेतात.

रक्तातील हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. त्यात चार माळा असतात. सिकलसेलचे कारण हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखविले. नेमका दोष १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी शोधला. १४६ मण्यांच्या बीटा माळेत सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा असावयास हवा. तेथे व्हॅलिन येते. मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ मध्ये हाती घेतलेले हिमोग्लोबिनच्या स्फटिकांचे क्ष-किरण संशोधन १९५९ मध्ये फळास आले आणि या प्रथिनाचा आकार जगासमोर आला. १९६२ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच साधनेसाठी लाभले.

पुढील संशोधनाने दोषाची रीत उलगडली. प्राणवायू सोडल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसते. रेणूला रेणू जोडला जाऊन ताठ तंतू बनतात, वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. ते हिमोग्लोबिन या तंतूंत सामील होत नाही. म्हणून वेदनांचे झटके कमी होतात.

रचना पाहून औषध घडविण्याचा प्रयत्नही झाला. हिमोग्लोबिनला चिकटून त्याला प्राणवायू धरून ठेवावयास लावणारे व्हॉक्सेलोटर २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रक्ताचे प्रमाण वाढले; परंतु पुढील चाचण्यांत वेदनांचे झटके व मृत्यू यांविषयी चिंता निर्माण झाल्याने सप्टेंबर २०२४ मध्ये उत्पादकाने ते जगभरातून मागे घेतले. कुलपाचा आकार कळला म्हणजे किल्ली घडविता येते. पण ती किल्ली रुग्णाच्या देहात हितकर ठरते की नाही, हे दीर्घ कसोटीनंतरच समजते. विज्ञानाची प्रतिष्ठा अशी चूक मान्य करण्यात आहे.

तोवर समाजाच्या हाती एक खात्रीचा उपाय आहे. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच पालक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर मुलाला हा आजार होत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक मुलीला नाकारणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत या व्याधीच्या निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले आहे. ते गाठावयाचे तर पत्रिकेबरोबर वधूवरांच्या रक्ताचा अहवालही पाहण्याची रीत घराघरांत पडली पाहिजे.

दर्यापूरजवळच्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत गरीब मुलांचे शिक्षण आणि रोग्यांचे औषधोपचार या दोहोंना स्थान दिले. मेळघाटच्या पाड्यावर रक्ततपासणीचे शिबिर भरेल, तेव्हा दर्यापूरच्या सुशिक्षित तरुणांनी तेथे जाऊन ‘सहाव्या मण्याची’ ही गोष्ट सोप्या शब्दांत सांगावी. बाबांचे ते काम आज असेही पुढे नेता येईल.