डब्यावर काय लिहिले आहे?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. देशादेशांतल्या व्यापारी करारांवर मी बोलावे, असे कोणाच्या मनातही येणार नाही. पण गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी जी चूक झाली ती माझ्या हातून झाली, तेव्हा तीच सांगावी असे चिटणीसबाईंचे म्हणणे पडले.

तेलाची खरेदी माझ्याकडे होती. मी शेंगतेल मागितले. दुकानदार म्हणाला, "ताई, तळणीला हे न्या, परवडेल." मला वाटले, हे शेंगतेलच, पण स्वस्तातले. चकल्या खुसखुशीत झाल्या. विक्रीच्या दिवशी एका गृहस्थांनी विचारले, "तेल कोणते?" घरी हृदयविकाराचे पथ्य आहे, असेही ते म्हणाले. मी ठसक्यात सांगितले, "शेंगतेल!" त्यांनी दोन पुडे नेले. संध्याकाळी रिकामा डबा गहू भरायला म्हणून घरी आणला, तो माझ्या मुलीने वाचला. त्यावर इंग्रजीत लिहिले होते, "रिफाइंड पामोलीन".

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन खरे ते सांगितले. एक पुडा फोडलेला होता. त्यांच्या पत्नीने पैसे परत घेतले नाहीत, पण चहाही विचारला नाही. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

मग मुलीला घेऊन बसले आणि हे तेल येते कोठून ते समजून घेतले. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते, आणि पामतेल येते ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून. आसियान देशांशी आपला करार २००९ साली झाला व १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. कच्च्या पामतेलावरचा कर ८० टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर, आणि शुद्ध केलेल्यावरचा ९० वरून ४५ वर, असा २०१९ अखेरपर्यंत उतरवायचे त्यात ठरले होते. केरळातल्या नारळवाल्यांनी तेव्हा ओरड केली होती. आम्हाला मात्र काही कळले नाही. डबा स्वस्त झाला एवढेच दिसले. शिवाय कच्चे तेल येथे आणून शुद्ध केले, की डब्यावर पत्ता इथल्या कारखान्याचाच येतो. मग ते परदेशचे आहे हे बाईमाणसाने ओळखावे कसे?

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात, आणि रेशनवर परदेशची तांबडी मिलो मिळे. भाकरी थापताना तुटे, पण तीच खायची. "आम्हाला कोण विचारतंय, आवडते का म्हणून?" असे त्या अजून म्हणतात. आज आपल्यापुढे पाच तऱ्हेचे डबे असतात. पण वाचता येत नसेल तर आपली निवड त्यांच्याहून काय वेगळी?

पामतेल म्हणजे विष, असे मी म्हणत नाही. तळणीला ते टिकते, आणि ज्या घरात महिन्याला मोजून तेल येते तेथे तेच परवडते. पण त्यात संपृक्त मेद निम्म्याच्या आसपास असतो, शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा. पथ्य असलेल्या माणसाला हे कळायला हवे. दोन तेले मिसळलेली असली तर प्रत्येकाचे प्रमाण डब्यावर लिहावेच लागते. बिस्किटाच्या पुड्यावरही नुसते "वनस्पती तेल" चालत नाही, कोणते ते सांगावे लागते. आणि घटकांत जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेले असते. तेथून वाचायला सुरुवात करावी.

परदेशच्या तयार पुड्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. बंदरातून सुटताना त्याच्या मुदतीपैकी ६० टक्के अथवा तीन महिने, यांत जे कमी असेल तेवढे शिल्लक असावे लागते. तेव्हा फार स्वस्त मिळाले तर आधी तारीख पाहावी.

दुधाच्या बाबतीत सरकारने वेशीवरच विचारपूस ठेवली आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसारक्तापासून केलेले खाद्य त्या गाईला कधी घातलेले नाही, असा दाखला आपण मागतो. अमेरिकेची त्यावर जुनी तक्रार आहे. ऑस्ट्रेलियाशी २०२२ साली आणि ब्रिटनशी २०२५ साली करार झाले, त्यांत दूधदुभते सवलतीबाहेरच ठेवले. तेलाला असा कोणी रखवालदार नाही, तेथे दुकानात आपणच विचारायचे.

आता माझे गाऱ्हाणे. कायद्याप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिली की पुरे. मराठी लिहिले तर लिहिले, सक्ती नाही. हिंदी अक्षरे तरी आपल्याला लागतात, पण पुष्कळ डब्यांवर इंग्रजीच असते. मराठीची मागणी करणारा अर्ज चिटणीसबाईंनी लिहिला आहे, तो दाराशी टेबलावर ठेवला आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी.

यंदा फराळाच्या प्रत्येक पुड्यावर तेलाचे नाव मराठीत लिहिलेली चिठ्ठी लावू. शेंगतेलाची चकली महाग पडेल, तेव्हा दोन्ही करू आणि दोन्हींचे भाव वेगळे लिहू. मंगळवारी दुपारी तीन वाजता घरातले रिकामे डबे व पुडे घेऊन या, माझी मुलगी वाचून दाखवील. चष्मे विसरू नका.