छोटे प्रकाशक आणि सर्वांची मुले : वाराणसीच्या एका छापखान्याच्या निमित्ताने



स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात वाराणसीचा उल्लेख बहुधा गंगा, रेशमी वस्त्रोद्योग आणि १९१६ साली स्थापन झालेले बनारस हिंदू विश्वविद्यालय या संदर्भांत येतो. या शहराची आणखी एक ओळख मात्र सहसा मागे पडते. ती म्हणजे मुद्रण आणि प्रकाशनाचे शहर ही ओळख होय. भारतेंदू हरिश्चंद्रांची नियतकालिके येथूनच निघाली. १८९३ मध्ये नागरी प्रचारिणी सभा येथेच स्थापन झाली. १९२० मध्ये सुरू झालेल्या 'आज' या दैनिकाला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, ते संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे काशीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील होते. याच शहरात १९२३ साली एका लेखकाने स्वतःचा छापखाना काढला. त्याचे नाव सरस्वती प्रेस आणि लेखकाचे नाव प्रेमचंद.

मुलांसाठी सर्वसमावेशक पुस्तके काढणारे छोटे, स्वतंत्र प्रकाशक हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याचा आरंभ या छापखान्यापासून करण्यास कारण आहे. अशी पुस्तके कोण लिहितो, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ती काढणारा तग कसा धरतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सरस्वती प्रेसच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकाच माणसापुढे उभे राहिलेले दिसतात.

प्रथम 'सर्वसमावेशक' या शब्दाचा अर्थ पाहू. वाराणसीच्या मदनपुरा भागात विणकरांची घरे आहेत. घाटांच्या आसऱ्याने नाव वल्हवणाऱ्या निषाद समाजाची वस्ती आहे. या घरांतील मूल शाळेत जाते तेव्हा त्याच्या हाती येणाऱ्या गोष्टीच्या पुस्तकात घर कसे असते, आई काय काम करते, मुलाचे नाव काय असते? त्या घरात माग असतो का? पुस्तकातील मुले भोजपुरी बोलतात का? २०११ च्या जनगणनेत ५ कोटींहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा भोजपुरी असल्याचे नोंदवले. जनगणनेच्या वर्गीकरणात मात्र ती संख्या हिंदीच्या गटात समाविष्ट होते. जात, धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व, स्थलांतर यांपैकी कोणत्याही कारणाने जे मूल पुस्तकाबाहेर राहते, ते नायक म्हणून पुस्तकात येणे हा या शब्दाचा साधा अर्थ आहे. कणव वाटावी म्हणून कोपऱ्यात उभे केलेले पात्र त्यात मोडत नाही.

जगात या प्रश्नाची चर्चा मोजणीपासून सुरू झाली. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली ५,२०६ बालपुस्तके तपासली. कृष्णवर्णीय पात्र ज्यांत एकदा तरी दिसते अशी पुस्तके ६.७ टक्के निघाली. पुढे १९८५ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालग्रंथ केंद्राने अशी नोंद दरवर्षी ठेवण्यास आरंभ केला. त्या पहिल्या वर्षी देशात निघालेल्या सुमारे अडीच हजार बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके अवघी १८ होती. रूडीन सिम्स बिशप या अभ्यासिकेने १९९० मध्ये पुस्तकाला आरशाची आणि खिडकीची उपमा दिली : आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याला. ही उपमा आता जगभर रूढ आहे. मोजणीचे मोल मात्र उपमेहून अधिक आहे. कारण खरेदीच्या धोरणापुढे आकडा ठेवता येतो. अशी मोजणी करण्यास यंत्रसामग्री लागत नाही, एखाद्या शाळेचे कपाट आणि दोन दुपारी पुरतात.

हामिदची तीन पैशांची जत्रा

आता पुन्हा काशीकडे वळू. १९३३ मध्ये 'चाँद' मासिकात प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा प्रसिद्ध झाली. आईवडील नसलेला, आजीजवळ वाढणारा हामिद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेत जातो आणि खेळणी-मिठाई सोडून, तव्यावर हात भाजणाऱ्या आजीसाठी चिमटा आणतो. भारतीय बालवाचनात गरीब मुसलमान मूल नायक म्हणून इतक्या सहजतेने क्वचितच आले आहे. कथेत हामिदच्या धर्माचे समर्थन नाही, स्पष्टीकरणही नाही. ईद जशी असते तशी आहे आणि गरिबीही जशी असते तशी आहे. अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात ती कथा राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने समाविष्ट केली, म्हणून अनेकांना ती परिचित असेल. आयुष्याच्या अखेरच्या काळात प्रेमचंदांनी 'कुत्ते की कहानी' आणि 'जंगल की कहानियाँ' ही पुस्तकेही मुलांसाठी लिहिली.

त्याच वर्षांत सरस्वती प्रेसची स्थिती काय होती? छापखाना जवळजवळ आरंभापासून तोट्यात होता. मार्च १९३० मध्ये 'हंस' मासिक सुरू झाले. त्याच वर्षीच्या मुद्रणविषयक अध्यादेशाखाली त्याच्याकडे जामीन मागण्यात आला. १९३२ मध्ये प्रेमचंदांनी 'जागरण' हे साप्ताहिकही चालवायला घेतले, त्यामुळे तोटा आणखी वाढला. शेवटी १९३४ मध्ये, वर्षाला आठ हजार रुपयांच्या कराराने, ते मुंबईच्या अजंता सिनेटोन या चित्रपटसंस्थेत गेले. कादंबरीकार म्हणून कीर्तीच्या शिखरावर असलेला माणूस छापखान्याचे कर्ज फेडण्यासाठी पटकथा लिहू लागला. त्यांनी लिहिलेला 'मजदूर' हा चित्रपट गिरणी कामगारांच्या जीवनावर होता. त्याच सुमारास त्यांच्याच छापखान्यातील कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला. १९३५ मध्ये ते काशीस परतले. १९३६ मध्ये 'हंस'कडे पुन्हा एक हजार रुपयांचा जामीन मागितला गेला. मासिक तेव्हा भारतीय साहित्य परिषदेचे मुखपत्र होते आणि परिषदेने ते बंद करण्याचा निर्णय घेतला. प्रेमचंदांनी आजारपणात ते परत स्वतःकडे घेऊन जामीन भरला. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

या हकिगतीत त्याग शोधण्याचा मोह होतो. विकासाच्या अभ्यासकाने तेथे हिशेब पाहावा. छापखाना चालवणारा प्रकाशक पुस्तकाचा खर्च आज करतो, त्याची विक्री मात्र वर्षानुवर्षे सावकाश होते. मधल्या काळाचे भांडवल त्याच्याकडे नसते. सरकार अथवा एखादी संस्था हाच मोठा ग्राहक असेल, तर त्या ग्राहकाची नाराजी जीवघेणी ठरते. प्रेमचंदांच्या अर्धशतक आधी भारतेंदूंनी हा अनुभव घेतला होता. त्यांच्या 'कविवचनसुधा'च्या प्रती सरकार घेत असे. लिखाण रुचले नाही तेव्हा ती खरेदी थांबली.

प्रतीची किंमत

चित्रमय बालपुस्तकाचे अर्थकारण कादंबरीपेक्षा वेगळे असते. त्यात लेखकाइतकाच चित्रकार महत्त्वाचा. छपाई चार रंगांची, कागद जाड, पाने मोजकी. उदाहरणापुरते असे समजू की लेखन, चित्रे, संपादन व मांडणी यांवर दीड लाख रुपये खर्च होतात. एक हजार प्रती काढल्या तर या खर्चाचा भार प्रत्येक प्रतीवर १५० रुपये पडतो आणि दहा हजार काढल्या तर १५ रुपये. कागद, छपाई, बांधणी आणि विक्रेत्याची सूट त्यानंतर येते. म्हणून मोठा प्रकाशक स्वस्त पुस्तक देऊ शकतो. तो सर्वांना चालेल असेच मूल निवडतो, कारण दहा हजार प्रती खपायच्या असतात. छोटा प्रकाशक हजार प्रतींवर समाधान मानतो, म्हणूनच विणकराच्या मुलीची किंवा अंध मुलाची गोष्ट काढण्याचे धाडस त्याला करता येते. धाडस आणि महागाई दोन्ही त्या हजार प्रतींतूनच येतात. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, हे वाचकाच्या हिताचे आहे. परंतु त्यामुळेच कागद व छपाईवर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही.

या अडचणीतून भारतीय प्रकाशकांनी निरनिराळे मार्ग काढले. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने १९९६ पासून एकच चित्रमाला अनेक भाषांत छापण्याची पद्धत रूढ केली. त्यांची पुस्तके मराठीसह नऊ भाषांत निघतात. रंगीत चित्रांचा खर्च वाटला जातो आणि प्रत्येक भाषेसाठी केवळ मजकूर बदलतो. अपंगत्वाविषयीचे शीला धीर यांचे पुस्तक तूलिकाने १९९९ मध्येच काढले होते. चेन्नईच्याच तारा बुक्सने गोंड व अन्य लोकचित्रकारांना पुस्तकाचे कर्ते म्हणून मान दिला आणि हातकागदावर पडदाछपाईने काढलेल्या पुस्तकांना परदेशी बाजारपेठ मिळवली. २०१३ मध्ये बोलोन्या बालपुस्तक मेळ्यात आशियातील सर्वोत्तम बालप्रकाशकाचा पुरस्कार या संस्थेला मिळाला. भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने (स्थापना १९८२) 'चकमक' मासिकातून हिंदी मुलांना विज्ञान आणि साहित्य एकत्र दिले. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने स्वस्त पुस्तकांचा मार्ग धरला आणि २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' या मंचाद्वारे खुल्या परवान्याखाली गोष्टी उपलब्ध करून दिल्या. ज्या भाषांत छापील बालपुस्तक जवळजवळ नव्हते, त्या भाषांना या परवान्याचा मोठा लाभ झाला. मात्र खुला परवाना तेव्हाच टिकतो, जेव्हा लेखक-चित्रकाराचे मानधन कोणीतरी देणगीतून आधीच दिलेले असते. ही बाजू उत्साहाच्या भरात विसरली जाते.

महाराष्ट्राची परंपरा येथे दुबळी नाही. १८७३ मध्ये 'बालबोधमेवा' आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' मासिक सुरू झाले. अलीकडे पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतून मराठी घरातील रोजचे मूल, त्याचे रुसवे आणि प्रश्न यांना स्थान दिले. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला. असे असले तरी ऊसतोड मजुरांच्या तांड्यावरील किंवा मेळघाटातील कोरकू मुलाला मराठी चित्रपुस्तकात आपले घर आजही सहजी सापडत नाही, हे मान्य करावे लागेल.

एक अवघड प्रश्न येथे येतो. हामिदची कथा लिहिणारा लेखक मुसलमान नव्हता. कथा थोर आहे, म्हणून प्रश्न संपत नाही. हैदराबादच्या 'अन्वेषी' संस्थेने २००८ मध्ये वंचित समाजांतील बालपणावरील कथांची मालिका काढली. त्या कथा सांगणाऱ्यांत त्या समाजांतून आलेले लेखक होते. गोगू श्यामला आणि मोहम्मद खदीर बाबू ही त्यांतील दोन नावे. मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजी या तीन भाषांत निघाली. अशा कथांत स्वयंपाकघर, मांस, शाळेतील अपमान, कामाचा अभिमान हे सारे आतून येते. बाहेरून लिहिणाऱ्याने कितीही सहानुभूतीने लिहिले तरी तो तपशील हाती लागणे कठीण असते. 'ईदगाह' छापणे आज सोपे आहे. तेव्हाच्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने १ जानेवारी १९८७ पासून प्रेमचंदांचे साहित्य कोणालाही मुक्तपणे प्रकाशित करता येते. मदनपुऱ्यातील आजची लेखिका मात्र जिवंत असेल. तिला मानधन द्यावे लागेल, तिच्याबरोबर संपादकाला महिनोन्महिने बसावे लागेल. हा खर्च कोणत्याही निविदेत धरलेला नसतो.

कपाटापर्यंतची वाट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण देण्याची तरतूद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्व भारतीय भाषांत बालपुस्तके उपलब्ध करण्यावर आणि राष्ट्रीय पुस्तक प्रोत्साहन धोरणावर भर दिला. दृष्टिहीन वाचकांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये अनुसमर्थन देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. इच्छाशक्ती कागदावर आहे. अडचण खरेदीच्या रीतीत आहे. पुस्तके पानांच्या दराने, सर्वांत कमी किमतीच्या बोलीवर घेतली गेली, तर हजार प्रतींचा प्रकाशक स्पर्धेत उरत नाही. यादी राज्यासाठी एकच असली, तर वाराणसीचा माग आणि चंदौलीचे भातशेत एकाच सर्वसाधारण पुस्तकात विरघळून जाते. खरेदीचा एक हिस्सा स्थानिक भाषा व स्थानिक प्रकाशकांसाठी राखून ठेवणे आणि बिले वेळेवर चुकती करणे या दोन उपायांनी अनुदानापेक्षा अधिक काम होईल. दुसरा उपाय पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. सरस्वती प्रेसला नवी योजना नको होती, येणे असलेले पैसे हवे होते.

टपालाचेही तसेच. छापील पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा गावोगावी एक-दोन प्रती पाठवणाऱ्या प्रकाशकांना त्याचा तत्काळ फटका बसला. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. आरंभीच्या दरानुसार ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. बत्तीस पानांचे चित्रपुस्तक पहिल्या टप्प्यात सहज बसते.

समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार ते वीस हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. प्राथमिक शाळेचे पाच हजार धरले, तर ५० रुपयांची शंभर पुस्तके येतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. मदनपुऱ्याच्या शाळेत त्यांतील काही जणी दिवसभर मागाशी निगडित काम करून बैठकीस येणाऱ्या असतील. यादी मंजूर करण्यापूर्वी ती शंभर पुस्तके टेबलावर मांडा, एवढी मागणी त्यांना करता येते.