ओंडका, शिक्का आणि पाण्याचा टब



अध्यक्षानं आभारप्रदर्शनात वेळ घालवू नये असं मी श्रोत्यांत बसून नेहमी म्हणायचो, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. ‘हात लावू नये’ ही पाटी काढून आपण संग्रहालयकर्मी ‘हात लावून बघा’ अशी पाटी लावू लागलो आहोत. चांगलंच आहे. पण हात लावल्यावर पाहुण्याच्या पदरात काय पडतं?

अमेरिकेतल्या मिनेसोटाचं उदाहरण घेतो. तिथे लाकूडतोड आणि नदी यांचा इतिहास एकच आहे. १८३७ च्या करारानं ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या हातून पाइनची जंगलं गेली. हिवाळ्यात तोडलेले ओंडके बर्फावरून ओढत नदीकाठी आणायचे आणि बर्फ वितळलं की पाण्यात सोडायचे. नदी एक, मालक अनेक. म्हणून प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोड्यानं मालकाचा शिक्का ठोकलेला असे. सेंट क्रॉय नदीवर स्टिलवॉटरजवळ साखळ्यांनी जोडलेल्या लाकडांचा तरंगता अडसर होता. १८५६ ते १९१४ या काळात तिथे हे शिक्के वाचून ज्याचा त्याला माल वेगळा केला जाई. १८८६ मध्ये टेलर्स फॉल्सजवळच्या घळीत ओंडक्यांचा असा तुंबारा झाला, की तो बघायला लोकांची रीघ लागली.

मिनेसोटातल्याच ग्रँड रॅपिड्सच्या वन-इतिहास केंद्रात १९०० सालचा लाकूडतोड्यांचा तळ उभारलेला आहे. स्वयंपाक्याच्या, लोहाराच्या वेशातली माणसं त्या काळात राहत असल्यासारखी तुमच्याशी बोलतात. पडद्यावर बोट फिरवण्यापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं. तरी अशा प्रदर्शनांत एक धोका असतोच. दोन मुठींची करवत ओढून बघितली, फोटो काढला, मजा आली, संपलं. त्यापेक्षा साल निघालेला, पुसट शिक्क्याचा ओंडका मुलांपुढे ठेवावा आणि विचारावं, हा कुणाचा? मग नदीवरचं भांडण त्यांना न सांगता कळेल.

आणि तोडीनंतरचं काय? जंगलात मागे पडलेल्या फांद्या-शेंडे वाळत राहिले. १ सप्टेंबर १८९४ रोजी हिंकली परिसरात भडकलेल्या वणव्यात चारशेहून अधिक माणसं गेली. त्या आगीचं संग्रहालय हिंकलीत आहे. म्हणजे करवत एका गावात आणि राख दुसऱ्यात! पाहुणा बहुधा त्यातलं एकच बघतो.

आपला यात काही संबंध नाही असं समजू नका. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि लोक तिच्या डेकवर फिरतात. जहाजांच्या या भुकेनंच मलबारचा सागवान इतका आटला, की १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली आणि चाथू मेनन यांना निलांबूरला सागाची लागवड करावी लागली. तिथून चालियार नदीनं लाकूड कोळिकोडजवळच्या कल्लायीच्या वखारींकडे जाई. निलांबूरला सागवानाचं संग्रहालय आहे. जमल्यास जरूर जाऊन या.

आपल्या मुंबईत, गोदीच्या गावात, यावर काय करता येईल? माझी सूचना स्वस्तातली आहे. ओला साग पाण्यावर धड तरंगत नाही. म्हणून ब्रह्मदेशात झाड उभं असतानाच बुंध्याभोवती खोल खाच घेत आणि ते जागेवरच मरून वाळेपर्यंत दोन-तीन वर्षं थांबत, मग तोड. आपण पाण्याचा एक टब ठेवू आणि सागाचे दोन तुकडे, एक ओला, एक वाळलेला. मुलं ते पाण्यात टाकतील, एक तळाशी जाईल आणि ‘असं का?’ हा प्रश्न ती स्वतःच विचारतील. उत्तर द्यायला शेजारी माणूस हवा, बटण नको. ओला तुकडा कायम ओला ठेवणं ही कटकट आहे, हे मान्य. तिच्यावरचा उपाय दुपारच्या सत्रात संवर्धनवाल्या मंडळींनी सांगावा.