परसातील वाफा आणि पाण्याची मर्यादा



गृहस्थधर्मात अन्नदानाचे माहात्म्य सर्वांस विदित आहे. परंतु पानात पडणाऱ्या अन्नातील थोडे तरी घरच्या हातांनी पिकवावे, हा विचार मागे पडत चालला आहे. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातील कामातच विठ्ठलाची उपासना पाहिली. परसातील दोन वाफे हे त्या उपासनेचेच लहान रूप होय.

धार व देवास येथील पवारांची संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. पण त्यांच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावलेली मराठी घराणी आजही तेथे नांदत आहेत. तेथील काळी जमीन सुपीक असली तरी चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात आणि विहिरी तळ गाठतात. १९९० च्या उन्हाळ्यात तर देवास नगरास आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे २००६ पासून त्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत तळी खोदून पावसाचे पाणी अडविले, तेव्हा पुष्कळ शिवारे पुन्हा हिरवी झाली. म्हणून माळव्यात वसंतातील परसबाग लावावयाची, तर आधी पाण्याचा हिशेब मांडावा आणि मग बी हाती घ्यावे.

याच अवंतीच्या भूमीत सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय घातला आहे. मऊ जमिनीत प्रथम तीळ पेरावे व ते फुलताच मातीत तुडवावे. ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकली तरच पाणी द्यावे, असे तो सांगतो. त्याचे विवेचन झाडांविषयी असले, तरी ऋतू पाहून पाणी देण्याचा विवेक भाजीच्या वाफ्यासही लागू पडतो.

वसंतपंचमीनंतर थंडी ओसरू लागली, की भेंडी, गवार, काकडी, दोडका व दुधी यांचे बी लावावे. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे. मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. वेलांसाठी आळी करून मांडव घालावा. तांदूळजा महिन्याभरात खुडण्यास येतो. भेंडीस सुमारे दीड महिना लागतो. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी मोरीत न सोडता आळ्यांत घालावे. साबणाचे पाणी मात्र घालू नये. त्यातून रोज दोन बादल्या उरत असतील, तर दोन बादल्यांपुरताच वाफा करावा. आळ्यावर पालापाचोळा पसरावा. वेलाशेजारी न भाजलेले नव्हे, तर भाजलेले पण चकाकी न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे, म्हणजे पाणी झिरपत थेट मुळांशी पोहोचते.

पाण्याच्या संयमाबरोबर जीवदयेचाही विचार येतोच. धार जिल्ह्यात राजगडनजीक मोहनखेडा हे जैनांचे तीर्थ आहे. आचार्य राजेंद्रसूरींनी त्याची स्थापना केली. कंद उपटताना अनंत जीवांची हिंसा होते, या श्रद्धेने जैन गृहस्थ कंदमुळे वर्ज्य करतात. तेव्हा वेलीच्या व शेंगेच्या भाज्यांनी सजलेला मांडव तेथील आचारासही साजेसा ठरतो. अनेक मराठी घरांतही चातुर्मासात वांगी व कांदा वर्ज्य असतात. माघात लावलेला वाफा त्याआधीच आपले दान देऊन मोकळा होतो. किडीसाठी विष फवारण्याऐवजी रोज पानांमागे नजर फिरवावी, अळ्या हलकेच काढून दूर सोडाव्यात. मावा दिसल्यास राख भुरभुरावी.

शेवटी दुधीचे एक फळ वेलीवरच पूर्ण वाळू द्यावे. त्यातील बी चार शेजाऱ्यांस वाटावे आणि घरापुरते कोरड्या मडक्यात राखून ठेवावे. देवापुढे पहिली भेंडी ठेवताना, त्या वाफ्यासाठी कोणा तहानलेल्याच्या वाट्याचा घोट खर्ची पडला नाही, एवढे गृहस्थास मनःपूर्वक म्हणता यावे.