रुग्णास भेटावयास जाताना



आजाऱ्यास शहाळे, केळी नेण्याची आपली रीत मायेची आहे. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठते व हृदयाची गती बिघडू शकते. त्यास हीच भेट घातक ठरते. पाणीही मोजूनच प्यावे लागते.

मग न्यावे काय? डायलिसिसच्या वेळी अनेकांना थंडी वाजते. हलकी शाल द्यावी. आठवड्यातून बहुधा ३ वेळा, सुमारे ४ तास खाटेवर जातात. शेजारी बसून काही वाचून दाखवावे. एखाद्या दिवशी रुग्णाची ने-आण आपण केली, तर घरच्यांचा रोज बुडत नाही. यापरती मोलाची भेट आम्हांस ठाऊक नाही.

खाद्यपदार्थ नेण्यापूर्वी मात्र विचारावे, ही आमची नम्र विनंती.