बुरशीची विकरे : औषधासाठी आणि शिवारासाठी



दुधना नदीच्या खोऱ्यातील परतूर तालुक्यात तूर फुलोऱ्यावर आली असता काही झाडे उभ्याउभ्या सुकतात. अशा झाडाचे खोड उभे चिरल्यास आत काळपट रेघा दिसतात. हा मर रोग. तो फ्युजेरियम उडम या बुरशीमुळे होतो. तिला आवर घालणारी ट्रायकोडर्मा हीदेखील बुरशीच होय. ती शत्रूच्या तंतूंना वेढे घालते आणि कायटिनेज, ग्लुकानेज ही विकरे, म्हणजे एन्झाइमे, स्रवून त्यांच्या पेशींची भिंत विरघळविते.

बुरशीला ना तोंड, ना पोट. अन्न बाहेरच पचवून मग ते शोषून घ्यावे, हा तिचा जीवनक्रम. म्हणूनच तिची विकरे शरीराबाहेर पडतात आणि माणसाला ती गोळा करता येतात. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1894 साली अमेरिकेत याचे एकस्व मिळविले. गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून काढलेले त्यांचे ‘टाका-डायस्टेज’ अपचनावरील औषध ठरले. आपल्याकडे जो कोंडा गुरांपुढे जातो, तोच हा कच्चा माल!

कोंडा ओला करून वाफेने निर्जंतुक करावयाचा, त्यावर शुद्ध बुरशी पेरावयाची, काही दिवसांनी पाण्याने अर्क काढावयाचा, इथवर काम सोपे. खरी कसोटी पुढे आहे. अर्कात अमोनियम सल्फेट मिसळले की प्रथिने तळाशी बसतात. मग सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून मीठ काढून टाकतात आणि शेवटी विशिष्ट द्रव्याने भरलेल्या नळीतून द्रावण सोडून हवे ते विकर वेगळे करतात. उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून बहुतेक काम थंडाव्यात चालते. प्रत्येक पायरीस थोडे विकर हातचे जाते व खर्च वाढतो. परंतु सुईवाटे रक्तात जाणाऱ्या औषधात परक्या प्रथिनाचा अंशही घातक ठरू शकतो. तेथे ही काटकसर करता येत नाही.

शेताला मात्र एवढ्या शुद्धतेची गरज नाही. तेथे जिवंत बुरशी हाच कारखाना. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तुरीवरील घाटे अळीसाठी मेटारायझियम या बुरशीवर संशोधन झाले. अळीची कातडी भेदणारी तिची विकरे किती प्रभावी आहेत, यावरून बुरशीचा वाण पारखण्याची रीत तेथे अभ्यासली गेली.

पण जिवंत वस्तू मरतेही, आणि फसगत होते ती येथेच. पत्र्याखाली तापलेल्या पुड्यातील ट्रायकोडर्मा दिसते भुकटीच, पण तिच्यात जीव उरलेला नसतो. शासकीय मानकाप्रमाणे ग्रॅममागे निदान 20 लाख जिवंत घटक हवेत; ते डोळ्यांना दिसत नाहीत, पुड्यावरील मुदतीची तारीख दिसते. बियाण्यास रासायनिक औषध लावावयाचे असेल तर ते आधी. ट्रायकोडर्मा शेवटी, किलोमागे साधारणतः 4 ते 10 ग्रॅम, सावलीत चोळून. सुकलेले झाड याने परत उभे राहत नाही. ज्या रानात मर वारंवार येते तेथे पीक पालटावे, तसेच जिल्ह्यातीलच बदनापूर केंद्राचा बीडीएन-711 हा मर रोगास प्रतिकारक वाण घ्यावा.

ग्रामपंचायतीमार्फत एकत्रित खरेदी होणार असेल, तर ती पेरणीच्या तोंडावर करावी. एप्रिलात आणून गोदामात ठेवलेला माल जूनपर्यंत जिवंत राहीलच, याची शाश्वती नाही.