कुळाचा वारसा आणि रक्ताची परीक्षा



पाच-सहा महिन्यांचे गुटगुटीत मूल हळूहळू फिकट पडू लागते, दूध पितानाही दमते. तपासणीअंती निदान होते – थॅलेसेमिया मेजर. ‘आमच्या घराण्यात असे कधीच नव्हते,’ असे सासरची मंडळी म्हणतात आणि ठपका सुनेवर येतो. शास्त्राचा निर्णय मात्र वेगळा आहे.

हिमोग्लोबिन घडविणाऱ्या बीटा जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकात असतात. एक पित्याची, एक मातेची. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती केवळ ‘वाहक’ ठरते. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला फार तर सौम्य रक्तक्षय असतो. म्हणूनच हा दोष पिढ्यान्‌पिढ्या अज्ञात राहतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. ग्रेगॉर मेंडेल यांनी १८६६ साली वाटाण्याच्या रोपांवरून मांडलेला नियमच येथे लागू पडतो. वारसा दोघांचा आहे. मग दोष एकट्या मातेच्या माथी का? ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निरोगी होतील’ हा समजही भ्रामक आहे. प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते.

गोत्र पाहिले म्हणजे रक्त पाहिले, असेही नव्हे. गोत्र पित्याकडून येते. मामाची मुलगी भिन्न गोत्राची असली, तरी सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक असले, तरी कोणतीही ज्ञाती यापासून मुक्त नाही.

रुग्ण बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्यातून साठणारे लोह काढण्यासाठी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. सायप्रसने १९७० च्या दशकापासून तपासणी आणि समुपदेशन यांवर भर दिला. तेथील चर्चनेही विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागितले. परिणामी तेथे रुग्ण बालकांचे जन्म जवळजवळ थांबले.

वाहक असणे हा कलंक नव्हे, विवाहास अडथळाही नव्हे. मात्र हे सत्य आधी ठाऊक असावे. दोघेही वाहक असल्यास गर्भाची तपासणी पहिल्या तिमाहीतच करता येते. पत्रिका जुळविताना एचबीए-२ ची साधी रक्तचाचणी करून घेण्याचा आग्रह घरातील ज्येष्ठांनीच धरला, तर अनेक घरांतील पाळणे निश्चिंतपणे हलतील आणि अनेक सुनांच्या माथ्यावरील अन्याय्य बोल टळेल.